हूं म्हणणारं कुणी

माझी एक खोड आहे आणि ती मला ठकूआक्कांनी लावली. समोरचा माणूस काही सांगायला लागला, की त्याचं वाक्य संपायच्या आत माझ्या घशातून 'हूं' बाहेर पडतो. गॅसवाला शेगडीची नळी कशी बसवायची ते सांगत असला तरी हूं. दातांच्या डॉक्टरांपुढं तोंड वासून बसलेली असले तरी हूं. नवरा वैतागतो. "अगं, येताना दूध आण एवढंच म्हणालो, पोथी नाही वाचत मी." वैतागू दे. त्याची आणि आक्कांची गाठ पडली असती, तर पहिल्या पाच मिनिटांत त्यालाही ही खोड लागली असती.

आक्का आता नाहीत. ज्या कामापायी त्यांची माझी ओळख झाली ते कामही राहिलं नाही. हुंकार तेवढा राहिलाय.

मी मूळची सांगलीची. तेव्हा साताऱ्यात एका छोट्या कंपनीत आवाज रेकॉर्ड करायची नोकरी करत होते. कंपनीनं फोनसाठी एक ॲप काढलं होतं. ते खिशात टाकून चालायला लागायचं. ठरलेल्या जागी पोचलं की फोन थरथरायचा, त्या जागेची गोष्ट आपोआप सुरू व्हायची आणि ती तिथंच उभं राहून ऐकायची. घरात गादीवर लोळत ऐकते म्हटलं तर ऐकू यायची नाही. त्या जागेला पाय लागल्याशिवाय गोष्ट उघडायचीच नाही. मधेच फोन विचारायचा, ओढ्यानं जाणार की टेकडीनं? तुम्ही जाल तशी गोष्ट वळायची. आमचे प्रमुख समीरसर याला 'इंटरॅक्टिव्ह' म्हणायचे, आणि दिवसातून इतक्यांदा म्हणायचे की आमचा चहावालासुद्धा "आज चहा इंटरॅक्टिव्ह करू का?" असं विचारायला लागला होता.

किल्ले झाले, घाट झाले, धबधबे झाले. मग सरांच्या मनात आलं की दुष्काळी भागातल्या मेंढपाळांच्या वाटांवर गोष्टी हव्यात. कल्पना फार छान. पण ऐन उन्हात तिकडं जायचं कुणी? "तू जा. सांगलीची आहेस, तुला ती बोली कळते," सर म्हणाले. म्हणजे बोली कळते ही माझी चूक. मी बडबडत म्हसवडची एसटी धरली, गावाच्या अलीकडच्या एका फाट्यावर उतरले आणि माळावरच्या वस्तीत जाऊन विचारलं, की इथं गोष्टी कोण सांगतं?

"ठकूआक्काकडं जा की," एक बाई म्हणाली. "पर घाईनं जाऊ नगा. तिला हूं द्यायला लागतो."

मला वाटलं, काहीतरी खायचं देत असतील.

ठकूआक्का दारातच सापडल्या. ठेंगणी, वाळलेली, पण आवाज असा की माळाच्या पलीकडच्या माणसानं मागं वळून बघावं. त्या दाराच्या कडीशी बोलत होत्या. "लाग की गं नीट. रोज तुझी मनधरणी कराय मला येळ हाय व्हय?" त्या कडीशी बोलायच्या, चुलीशी बोलायच्या, पाण्याच्या हंड्याला शिव्या द्यायच्या. चहा बशीत ओतायच्या आणि बोलण्याच्या नादात विसरून जायच्या. मग कोंबडी येऊन बशीत चोच घालायची. "पी बाय, तू तरी गरम पी," असं म्हणून आक्का पुढं बोलत राहायच्या. मी तिथं गेले तेवढ्या दिवसांत एकदाही त्यांना स्वतःचा चहा पूर्ण पिताना पाहिलं नाही.

पहिल्याच दिवशी मी सगळा जामानिमा मांडला. कानाला हेडफोन, हातात माईक आणि त्याच्यावर वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून केसाळ टोपरं. आक्कांनी टोपऱ्यावरून हात फिरवला.

"मेंढराचं हाय?"

"नाही आक्का. प्लास्टिकचं."

"शिवशिव. आमच्याकडनं लोकर न्यायची की." मग त्या मांडी घालून बसल्या, पदर खोचला आणि सुरू केलं. "एक हुती धनगरीन. तिचा धनी मेंढरं घिऊन लांबच्या मुलखाला निगाला."

आणि थांबल्या. मी मान डोलावली. आक्का माझ्याकडं बघत बसल्या. मी बोटानं 'पुढं' अशी खूण केली. तरी गप्प.

"ऐकतीस का न्हाई?"

मी ओठांवर बोट ठेवलं. बास! आक्का ताडकन उठल्या.

"मला गप म्हनतीस? माझ्याच दारात?"

मी हेडफोन काढून हातापाया पडले. रेकॉर्डिंग चालू असताना माझा आवाज येऊन चालत नाही, मी मनातल्या मनात ऐकतेय, असं परोपरीनं सांगितलं.

"मनातल्या मनात ऐकलेलं मला कसं कळावं? मी सांगू कुनाला? ह्या केसाळ बोंडाला?" आणि मग जरा समजुतीच्या सुरात, "हुंकाराबिगर गोष्ट सांगत न्हाईत पोरी. सांगनारा म्होरं जातो आन गोष्ट मागंच ऱ्हाती."

शेवटी रेकॉर्डिंग गेलं खड्ड्यात म्हणून मी हूं म्हटलं.

"आसा? पोलिसानं धरून आनल्यावानी?"

मी पुन्हा म्हटलं.

"ह्यो तर ढेकर झाला."

तो सगळा दिवस माझ्या हुंकाराची शिकवणी झाली. राजा आला तर आखूड हूं. वाट लांबली तर हूं लांबवायचा. भीतीचा हूं श्वास आत घेऊन. "आन दुक्काचा नाकातनं येतो, त्यो शिकवाय लागत न्हाई," आक्का म्हणाल्या. संध्याकाळी मी जायला निघाले तेव्हा त्यांनी माझी पाठ थोपटली. "आमच्या सासूच्या खालोखाल देतीस बग."

सासू म्हणजे आक्कांचा जीव होता. लग्नानंतरची पहिली काही वर्षं आक्का नवऱ्याबरोबर मेंढरांमागं कोकणापर्यंत चालत जायच्या. बिऱ्हाड घोड्यावर, कोकरं कडेवर. मग पोरं झाली आणि सासूची नजर गेली. आंधळ्या म्हातारीला आणि शाळेच्या पोरांना घेऊन आक्का मागं राहायला लागल्या. दिवाळी झाली की नवरा जायचा तो पावसाच्या तोंडावर परत यायचा. घरात रोज गोष्ट व्हायची आणि सासू अंधारात बसून हूं द्यायची. "सासू गेली तवा बाया म्हनल्या, किती रडतीया सासूसाठी. मी हुंकारासाठी रडत हुते. खोटं कशापायी बोलू?" नंतर एक पोरगा सैन्यात गेला, दुसरा चाकणच्या कारखान्यात. सणासुदीला येतात. नातवंडं कानात गाणी घालून बसतात.

मग मी विचारायचं तेच विचारलं. "आणि तात्या?"

सिदूतात्या, आक्कांचे मालक, अंगणाच्या टोकाला बसलेले होते. उंच, थोडे वाकलेले. त्यांची बसायची जागा ठरलेली. पाठ घराला आणि तोंड माळाकडं. भाकरीही तसंच बसून खायचे. आता लांबच्या मुलखाला जाणं थांबलं होतं. थोडी मेंढरं राहिली होती, ती घेऊन ते जवळच्या माळावर फिरायचे.

"त्येंनी मला कवाच हूं दिला न्हाई," आक्का म्हणाल्या. "एक डाव न्हाई. लगीन झाल्याच्या वर्सी तळावर मी गोष्ट सांगाय बसले. समदी हूं देत हुती. ह्ये गप. मी म्हनलं झोपलं आसतील. बगतीया तर डोळं टक्क उगडं." मग म्हणाल्या, "मला दुसरं काय नगं गं. सोनं नगं, नानं नगं. मरायच्या आदी त्या तोंडातनं एक डाव हूं ऐकायचाय."

हे त्या इतक्या मोठ्यानं बोलल्या, की तात्यांना ऐकू गेलं नसेल असं शक्यच नव्हतं. पाठ हलली नाही.

मला राग आला. मी तशी आगाऊच. गेले आणि त्यांच्यापुढं जाऊन बसले. "तात्या, आक्का एवढं सांगतात, तुम्ही हूं का म्हणत नाही?"

तात्यांनी माझ्याकडं बघितलं, माळाकडं बघितलं. इतका वेळ गेला की मी उठायच्या बेतात होते.

"बोलत बसलं की लांडगा कळत न्हाई," तात्या म्हणाले.

त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. बाकीचं आक्कांनी सांगितलं. तळावर रात्री लांडगा येतो तो आवाज करत नाही. मेंढरांच्या श्वासात फरक पडतो, तेवढाच. तात्या लहान असताना माणसं गप्पा मारत बसली आणि तेवढ्यात लांडग्यानं कोकरं नेली. तेव्हा बापानं शिकवलं, राखणाऱ्यानं तोंड मिटायचं आणि कान मेंढरांकडं ठेवायचे. तात्यांनी ते जन्मभर पाळलं. बाकीचे गडी राखणीला आळीपाळीनं बसायचे, तात्या रोज बसायचे.

"मला समदं कळतंय," आक्का म्हणाल्या. "पर घरात कुठला आलाय लांडगा? हितं मी हाय की."

आम्ही गोष्ट चार जागांवर पसरली. फाट्यावरची चिंच, ओढा, माळावरचा मोठा खडक आणि घराजवळच्या बांधावरचं कडुलिंबाचं झाड. गोष्ट आक्कांचीच. धनी लांबच्या मुलखाला निघतो तेव्हा धनगरीण एका मडक्यात तोंड घालून बोलते, बोलते आणि वरून फडकं बांधून मडकं त्याच्याकडं देते. करमेनासं झालं की फडकं सोड, माझा आवाज ऐकू येईल. तो मडकं घेऊन डोंगर उतरतो, नद्या ओलांडतो, रोज रात्री ते उशाशी घेऊन झोपतो. पण फडकं सोडत नाही. सोडलं आणि आवाज उडून गेला तर? लिंबाखाली धनी मडकं घेऊन परत येतो. आणि तिथं आक्का अडून बसल्या. शेवट सांगेनात.

"ज्याला शेवट पायजे त्येनं घरात यावं. माझ्या म्होरं बसून हूं द्यावा. मंग सांगीन."

"अहो आक्का, गोष्ट अर्धवट राहते ना."

"ऱ्हाऊ दे."

समीरसर फोनवर ओरडले. "शेवट नसलेली गोष्ट लोक कशी ऐकतील? तिला कन्व्हिन्स कर."

"तुम्ही या आणि करा," मी म्हटलं. ते आले नाहीत. ऊन फार होतं.

शेवट कुणासाठी राखून ठेवलाय ते मी आक्कांना विचारलंसुद्धा. त्यांनी अंगणाच्या टोकाकडं हनुवटी केली. "तुला ठावं न्हाई व्हय?"

खरा घोळ पुढंच झाला. ऑफिसात आवाज स्वच्छ करणाऱ्या मुलानं माझे सगळे हूं कापून टाकले. त्याचं कामच ते. मी फोन घेऊन आक्कांना लिंबाखाली ऐकवायला नेलं. त्या कौतुकानं कान लावून बसल्या आणि हळूहळू त्यांचा चेहरा पडत गेला.

"ही कोन गं?"

"तुम्हीच की आक्का."

"येकलीच बडबडतीया. कुनी हूं म्हनंना, काय न्हाई." फोनमधल्या आक्का बोलतच होत्या. खऱ्या आक्का बांधावर टेकल्या. "अशी दिसती व्हय मी? घरात कुनी नसताना?"

मी फोन बंद केला. येताना एसटीत मला रडू आलं, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी असा काही दंगा केला की बास. म्हटलं, ही बाई हुंकाराशिवाय सांगत नाही, तर फोननंही सांगायचं नाही. जिथं हूं यायला हवा तिथं फोननं थांबायचं. ऐकणाऱ्यानं हूं म्हटलं तरच पुढं. सर खुर्चीतून उडालेच. "अरे! हे खरं इंटरॅक्टिव्ह!" त्यानंतर प्रत्येक मीटिंगमध्ये ती कल्पना त्यांची होती. घेऊ देत, माझं काम झालं होतं.

फक्त एक अडचण राहिली. फोनला हूं आणि इतर आवाज यातला फरक कळत नव्हता. कसलाही आवाज झाला की गोष्ट पुढं सरकायची. काहीच झालं नाही तर थोडा वेळ वाट बघून फोन गोष्ट मिटवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून.

फलटणची, वडूजची कॉलेजची पोरं मोटारसायकलींवरून आली. कुणी "ओके" म्हणायचं, कुणी "नेक्स्ट," एकानं हॉर्न वाजवून सगळी गोष्ट ऐकली. आक्का दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी द्यायच्या आणि विचारायच्या, "हूं दिला का?" पोरं हसायची, फोटो काढायची, जायची. शेवट ऐकायला घरात बसलं कुणीच नाही. ऊन आणखी तापलं तशी तीही यायची थांबली.

आणि मग एक दिवस ऑफिसात बसून कोण किती ऐकतंय ते बघत असताना मला दिसलं, की त्या माळावर कुणीतरी रोज गोष्ट ऐकतंय. रोज. खडकापाशी, ओढ्यापाशी, सगळे हुंकार देऊन. ओसाड माळावर रोज कोण जाणार? तात्याच. सैन्यातल्या मुलानं आपला जुना फोन तात्यांना दिला होता. सवड मिळेल तेव्हा मुलगा फोन करायचा म्हणून तात्या तो पिशवीत घालून गळ्यात अडकवायचे, आणि आमचं ॲप त्यात मीच टाकून ठेवलेलं होतं.

मी धावतच गेले म्हणा ना. आक्कांना सांगितलं.

"समद्या हुंकारांसकट?"

"सगळ्या."

"खोटं बोलतीस."

"आईशप्पथ."

आक्का उठल्या. तोंड धुतलं. पेटीतलं इरकली लुगडं काढून नेसल्या. केसांना तेल लावलं. तात्या सकाळी भाकरी बांधून न्यायचे, ती त्यांनी नेलेलीच होती, तरी आक्कांनी गरम भाकरी केली, वर लसणाची चटणी घातली. "चल. आज आपुनच जाऊ." वाटेत एक अक्षर बोलल्या नाहीत. एरवी ज्या बाभळीला, दगडालाही हाका मारायच्या, त्या गप्प चालत होत्या. मला म्हणाल्या एवढंच, "हळू बोल."

माळावर चढलो आणि आक्कांचा आवाज ऐकू आला. मेंढरं पांगली होती. तात्या काठीवर हनुवटी टेकून पाठमोरे उभे होते.

"...धनी मडकं उशाला घिऊन पडायचा," फोनमधल्या आक्का म्हणाल्या. आणि थांबल्या.

माझ्या शेजारच्या आक्का एक पाऊल पुढं सरकल्या.

"बेंऽऽ," एक मेंढरू ओरडलं.

"पर फडकं काय सोडायचा न्हाई," फोनमधल्या आक्का पुढं गेल्या.

"बेंऽऽ."

तात्यांचं तोंड मिटलेलंच होतं.

आक्का आधी हसल्या. खदखदून हसल्या, हसताहसता खाली बसल्या, पदरानं डोळे पुसले, पुन्हा हसल्या. "आगं बया! मेंढरांनी हूं दिला गं!" मीही हसले. मग माझ्या लक्षात आलं की आक्का केव्हाच्या हसायच्या थांबल्यात आणि डोळे मात्र पुसतायत.

तात्या आले. भाकरी घेतली. इरकली लुगड्याकडं त्यांनी बराच वेळ बघितलं. एखादा शब्द बोलायला काय हरकत होती? नाही. मी रागानं म्हटलं, "तात्या, हे बंद करता येतं. दाखवू का?" त्यांनी पटकन गळ्यातल्या पिशवीवर हात ठेवला आणि मान हलवली. नको.

परत येताना आक्का म्हणाल्या, "मेंढरं बरी. त्येंच्याकडं मी कदी मागितला न्हवता, तरी त्येंनी दिला." घरी आल्यावर त्यांनी लुगडं बदललं, घडी घातली आणि पेटीत ठेवलं. त्या दिवशी त्या कडीशीही बोलल्या नाहीत. मला निघवेना. मी उगाच म्हटलं, आक्का, एखादी गोष्ट सांगा. "आज नगं बाय," त्या म्हणाल्या. एवढ्या दिवसांत आक्का गोष्टीला नाही म्हणाल्या त्या तेव्हाच.

त्यानंतर बरेच महिने माझं जाणं झालं नाही. ॲपला पैसे देणाऱ्यांनी हात आखडता घेतला. समीरसरांनी दुसरी नोकरी धरली. कंपनी बंद व्हायची ठरली आणि मी आक्कांना सांगायला गेले, की फोनमधली गोष्ट आता थोड्याच दिवसांची.

फाट्यावरून चालत गेले तर वस्तीचं काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. जरा वेळानं कळलं, मेंढरांचा आवाज नव्हता. घरापुढं मेंढरं कोंडायची जाळी गुंडाळून पत्र्यावर टाकलेली होती. तात्यांचा गुडघा कामातनं गेला होता. सैन्यातल्या मुलानं सुट्टीत येऊन हट्ट धरला आणि सगळी मेंढरं जतकडच्या एका धनगराला दिली. कुत्रंही त्याच्याचबरोबर गेलं.

आक्का खूप थकल्या होत्या. चेहरा बारीक झाला होता. मी कंपनीचं सांगितलं.

"म्हंजी मी गप हुनार."

"फोनमधल्या तुम्ही, आक्का."

"व्हय की. त्याच जरा बोलत हुत्या." मग त्यांनी दारातून बोट केलं. "बग तिकडं."

लिंबाखाली तात्या उभे होते. काठी बगलेत, फोन हातात, अगदी कानाशी धरलेला. मेंढरं गेल्यापासून ते रोज दुपारी लंगडत जायचे. ओढ्यापर्यंत आता जाववत नव्हतं. लिंब तेवढा जवळ.

"रोज जात्यात," आक्का म्हणाल्या. "पर म्होरं काय जात न्हाई. हूं द्यायला मेंढरं न्हाईत न्हवं."

वारा पडलेला होता, त्यामुळं आवाज आमच्यापर्यंत येत होता. 'धनी मडकं घिऊन घरला निगाला.' आणि शांतता. तात्या उभे. फोन वाट बघत होता, आम्ही वाट बघत होतो. फोननं गोष्ट मिटवली. तात्या चार पावलं मागं गेले, पुन्हा झाडाखाली आले. 'धनी मडकं घिऊन घरला निगाला.' पुन्हा शांतता. ॲपची ही युक्ती त्यांना कुणी शिकवली होती कोण जाणे. मला ते बघवेना. मी पळत जाऊन एकदाचा हूं म्हणणार होते. आक्कांनी माझं मनगट धरलं. एवढ्या थकलेल्या बाईच्या हातात तेवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं.

"तू देऊ नगंस," त्या म्हणाल्या.

तात्या आणखी एकदा मागं गेले. या वेळी झाडाखाली परत आले नाहीत. फोन पिशवीत घातला आणि काठी टेकत घराकडं यायला लागले. आक्का लगबगीनं आत गेल्या. चहा ठेवला. चुलीशी काहीतरी पुटपुटल्या, ते मला ऐकू आलं नाही.

तात्या अंगणात आले. त्यांची जागा रिकामी होती, टोकाची. ते तिथपर्यंत गेले, माळाकडं बघितलं. माळावर काही नव्हतं. राखायला काही नव्हतं. मग ते वळले, दारापर्यंत आले आणि उंबऱ्याशी, आक्कांच्या समोर, पाठ माळाला करून बसले. तसे बसलेले तात्या मी पहिल्यांदाच बघत होते.

"म्होरं?" त्यांनी विचारलं.

आक्कांनी दोन बशा भरल्या. एक त्यांच्यापुढं सरकवली, एक आपल्यापुढं ठेवली. पदर खोचला. मला वाटलं होतं, काहीतरी ऐकवतील, टोमणा मारतील. मी असते तर मारला असता. त्यांनी सरळ सुरुवात केली.

"मडकं घिऊन धनी दारात आला."

आणि थांबल्या.

माझा हूं अगदी ओठांवर आला होता. मी ओढणीचा बोळा तोंडावर धरला. आक्का माझ्याकडं बघतच नव्हत्या. तात्यांची नजर सवयीनं एकदा माळाकडं वळली, रिकाम्या जाळीवर थांबली आणि परत आली. त्यांनी घसा खाकरला. आक्का हलल्या नाहीत. खाकरणं फोनला चाललं असतं, त्यांना चालणार नव्हतं.

"हूं," तात्या म्हणाले. घोगरा, आखूड, न जमलेला हूं.

आक्कांनी तो चुकीचा आहे म्हणून सांगितलं नाही. त्या पुढं सांगायला लागल्या. "दारात धनगरीन हुबी हुती."

"हूं."

मी पिशवी उचलली. निघते म्हणाले नाही. त्या गोष्टीचा शेवट काय ते मला आजतागायत माहीत नाही. तो माझ्यासाठी ठेवलेलाच नव्हता. बांधापाशी जाऊन मागं बघितलं, ते माझं आक्कांना शेवटचं बघणं. त्या दोन्ही हातांनी हवेत मडकं धरून काहीतरी सांगत होत्या आणि तात्या पुढं झुकून बसले होते. दोघांच्याही बशा तशाच होत्या. कोंबडी चहा पीत होती आणि तिला हाकलायला कुणाला सवड नव्हती.